बोटीचं इंजिन आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल: अ‍ॅडिटिव्ह कोणतं, किती आणि कधी घालायचं

इथेनॉलमिश्रित पेट्रोल मोटारीत फारसा त्रास न देता चालतं. तेच बोटीत घातलं की कार्बोरेटर तुंबतो, हातपंपाचा रबरी बल्ब मऊ पडतो आणि तीन महिन्यांनी इंजिन सुरूच होत नाही. फरक इंजिनात कमी, वापरात जास्त आहे. मोटारीची टाकी जवळजवळ बंदिस्त असते आणि आठ-पंधरा दिवसांत रिकामी होऊन नव्याने भरते. बोटीच्या टाकीला हवेसाठी उघडी नळी असते, भोवती पाणी आणि दमट हवा असते, आणि एकदा भरलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. इथेनॉलला जे जे मानवत नाही, ते सगळं बोटीत एकत्र येतं.

यावर अ‍ॅडिटिव्हच्या, म्हणजे पेट्रोलात मिसळायच्या द्रव्यांच्या, बाटल्या भरपूर मिळतात आणि त्यांच्या लेबलवर दावेही भरपूर असतात. त्यांतले काही खरे आहेत. पेट्रोल लवकर शिळं होऊ न देणं, धातूला गंज चढू न देणं, जेट (कार्बोरेटरमधली इंधनाची बारीक छिद्रं) आणि इंजेक्टर स्वच्छ ठेवणं ही कामं चांगलं अ‍ॅडिटिव्ह करतं. टाकीत शिरलेलं पाणी नाहीसं करणं किंवा बिघडलेलं पेट्रोल पूर्ववत करणं मात्र कोणत्याही बाटलीला जमत नाही. म्हणून हे औषध पडायचं ते पेट्रोल ताजं आणि कोरडं असतानाच.

पेट्रोल ‘फाटतं’ ते कसं

इथेनॉल पाणी ओढून घेतं. ई१०, म्हणजे १० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल, साधारण १५ अंश सेल्सियसला लिटरमागे ५ मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा, पाणी विरघळवून ठेवू शकतं. इथेनॉल नसलेलं पेट्रोल त्याच तापमानाला लिटरमागे जेमतेम ०.२ मिलिलिटर धरतं. बाकीचं पाणी खाली बसतं आणि फिल्टर ते पकडतो. ई१०मधलं पाणी विरघळलेलं असल्यामुळे दिसत नाही, फिल्टरमधून सरळ पुढे जातं आणि ज्वलनात वाफ होऊन बाहेर पडतं. तोवर काही बिघडत नाही.

मर्यादा ओलांडली की मात्र इथेनॉल पेट्रोलची साथ सोडतं, पाण्याला जाऊन मिळतं आणि दोन्ही तळाला बसतात. दूध फाटावं तसं पेट्रोल फाटतं. १०० लिटर ई१०मध्ये अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त पाणी गेलं, तर तळाशी जमणारा थर अर्ध्या लिटरचा नसतो, कित्येक लिटरचा असतो, कारण बरंचसं इथेनॉल पाण्याबरोबर खाली येतं. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचं तोंड नेमकं तिथेच असतं. वर राहिलेलं पेट्रोलही कामाचं उरत नाही. ऑक्टेन, म्हणजे ठोका न देता जळण्याची क्षमता, वाढवणारं इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेन दोन-तीन अंकांनी उतरलेला असतो आणि भाराखाली इंजिन ठोकू लागतं.

पाणी धरण्याची ही मर्यादा तापमानाबरोबर खाली-वर होते. दुपारच्या उन्हात जेवढं पाणी विरघळून राहतं, तेवढं रात्रीच्या गारव्यात राहत नाही. काल संध्याकाळपर्यंत नीट चाललेलं इंजिन आज सकाळी दोन मिनिटं चालून बंद पडतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. पाणी रात्री आत आलेलं नसतं. आधीपासून होतं, रात्री वेगळं झालं.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. टाकीत पाण्याने जवळजवळ तृप्त झालेलं ई१० असेल आणि वर ‘चांगलं म्हणून’ इथेनॉलविरहित पेट्रोल ओतलं, तर मिश्रणातलं इथेनॉलचं प्रमाण घटतं, पाणी धरण्याची ताकदही घटते आणि टाकी तिथल्या तिथे फाटू शकते. इथेनॉलविरहित पेट्रोलकडे वळायचं असेल, तर आधीची टाकी वापरून जवळपास रिकामी करावी.

हे पाणी येतं कुठून? हवेतला दमटपणा दोषी धरला जातो. तो आत येतो खरा, पण हळूहळू. जास्त पाणी शिरतं ते डेकवरच्या झाकणाच्या कडक पडलेल्या ओ-रिंगमधून (रबरी कडीतून), लाटेचे शिंतोडे थेट झेलणाऱ्या व्हेंटमधून, म्हणजे टाकीच्या हवेच्या नळीतून, किंवा आधीच पाणी शिरलेल्या कॅनमधून. या वाटा बंद करायचा खर्च एका बाटलीपेक्षा कमी असतो.

बाटलीत नेमकं काय असतं

सगळ्यात उपयोगी प्रकार स्टॅबिलायझरचा. हवेतल्या ऑक्सिजनमुळे पेट्रोलचा डिंक आणि रोगण बनण्याची क्रिया त्यातले अँटिऑक्सिडंट मंद करतात. सोबत गंजरोधक द्रव्यं असतात; ती धातूवर पातळ थर धरतात. सागरी वापरासाठीच्या बाटलीत या गंजरोधकांवर जास्त भर असतो. खाऱ्या पाण्याचा अंश असलेलं इथेनॉल अ‍ॅल्युमिनिअमच्या कार्बोरेटरवर पांढरी पूड धरवतं आणि पितळी जेट हिरवे पाडतं. तिथे या द्रव्यांचा खरा उपयोग होतो. स्टॅबिलायझर घड्याळ थांबवतो, मागे फिरवत नाही. तीन महिने जुन्या, आंबूस वासाच्या पेट्रोलात तो घालून काही हाती लागत नाही.

दुसरा प्रकार स्वच्छता करणाऱ्यांचा. त्यांत पॉलिइथरअमाइन हा घटक असेल तर इंजेक्टर, व्हॉल्व्ह आणि ज्वलनकक्षातला कार्बन उतरतो. सफाईची मोठी मात्रा नेहमी घालत राहू नये. चार-स्ट्रोक इंजिनात या द्रव्याचा काही अंश इंजिन ऑइलमध्ये उतरतो, म्हणून सफाईची टाकी ऑइल बदलण्याच्या आधी वापरून संपवावी, नंतर नव्हे.

तिसरा प्रकार ‘पाणी शोषणारा’ किंवा ‘पाणी विखुरणारा’. इथे थोडा हिशेब करावा. एका लिटर ई१०मध्ये १०० मिलिलिटर इथेनॉल असूनही ते ५ मिलिलिटरच पाणी धरतं. त्यात लेबलप्रमाणे एक मिलिलिटर अ‍ॅडिटिव्ह पडलं, तर पाणी धरण्याची ताकद कितीशी वाढणार? टाकीच्या भिंतींवरचे दवाचे थेंब ते विखरून इंजिनापर्यंत नेईल, तळाशी साचलेलं तांब्याभर पाणी नाही. ज्या बाटल्यांत आयसोप्रोपिल किंवा मिथाइल अल्कोहोल (मिथेनॉल) हाच मुख्य घटक आहे, त्या ई१०मध्ये घालूच नयेत. अल्कोहोलचा त्रास कमी करायला आणखी अल्कोहोल घालण्यात अर्थ नाही, आणि मिथेनॉल तर अ‍ॅल्युमिनिअमला इथेनॉलपेक्षा जास्त खातं.

दोन वेगवेगळ्या अ‍ॅडिटिव्हची सरमिसळ टाळावी. एक पाणी पेट्रोलात विखरून ठेवायला बनवलेलं असतं आणि दुसरं ते वेगळं करून खाली बसवायला. दोन्ही एका टाकीत पडली की एकमेकांचं काम मोडतात. एक सागरी स्टॅबिलायझर निवडावा आणि वर्षभर तोच वापरावा.

कशावर औषध नाही

रबरावर नाही. जुन्या होजचं, म्हणजे इंधनाच्या रबरी नळीचं, आतलं अस्तर इथेनॉलने फुगतं, मऊ होतं आणि पापुद्रे सुटून ते कार्बोरेटरच्या सुईखाली अडकतात. होजवर छापलेलं वाचावं. एसएई जे१५२७ (बोटीच्या इंधन-होजचं मानक) आणि पुढे ए१-१५ किंवा बी१-१५ असं असेल, तर होज कमी झिरपणारी आहे: दिवसाला चौरस मीटरमागे १५ ग्रॅमच्या आत. ‘ए’ म्हणजे आगीत ठरावीक वेळ तग धरणारी, ‘बी’ म्हणजे तशी नसलेली. आयएसओ ७८४० ही आगरोधक होजची खूण आहे, ८४६९ ही साध्या होजची. छपाई पुसली गेली असेल तर होज बदलण्याचीच वेळ झाली असं समजावं. एक सोपी परीक्षा: कोरड्या फडक्याने होज घासायची आणि फडकं हुंगायचं. पेट्रोलचा वास आला म्हणजे ती झिरपते आहे. ओ-रिंग आणि फ्युएल पंपाचा पडदा बदलताना व्हिटॉनचे (इंधनात टिकणाऱ्या रबराचे) किंवा इथेनॉलला चालतील असं सांगून विकलेलेच घ्यावेत.

फायबरग्लासच्या जुन्या टाकीवरही औषध नाही. अशा टाक्यांचं पॉलिएस्टर रेझिन इथेनॉलमध्ये विरघळतं आणि त्याचा काळा चिकट थर इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्यांवर बसतो. व्हॉल्व्ह अडकला की पुशरॉड वाकतात. टाकी बदलणं एवढाच उपाय.

आणि इथेनॉलच्या जास्त प्रमाणावर नाही. बहुतेक आउटबोर्डची, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर लावलेल्या इंजिनांची, मर्यादा १० टक्के असते. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत ती छापलेली असते. पेट्रोलला जळायला वजनाने हवा लागते १४.७ पट, शुद्ध इथेनॉलला ९ पट. ई१०ला सुमारे १४.१ पट. म्हणजे साध्या पेट्रोलवर जुळवलेला कार्बोरेटर ई१०वर थोडा हवादार (हवा जास्त, इंधन कमी) चालतो, ई१५ किंवा ई२०वर आणखी हवादार, आणि पिस्टन तापतो. अमेरिकेत बोटीच्या इंजिनात ई१५ घालायला कायद्यानेच मनाई आहे. पंपावर जास्त प्रमाणाचंच मिश्रण मिळत असेल, तर बाटली शोधण्याआधी त्या मिश्रणाला इंजिनाची मान्यता आहे का ते पाहावं.

भरण्याआधी दोन परीक्षा

पहिली, पेट्रोलात इथेनॉल किती ते पाहण्याची. खुणा असलेली उंच काचेची नळी घ्यायची, निदान १५० मिलिलिटरची. त्यात १० मिलिलिटर पाणी, वर १०० मिलिलिटर पेट्रोल. तोंड बंद करून अर्धा मिनिट हलवायचं, मधून एकदा झाकण सैल करून वाफ सोडायची, मग दहा मिनिटं सपाट जागी ठेवायचं. पाणी आणि पेट्रोल यांच्यातली रेघ १०वरच राहिली, तर इथेनॉल नाही. रेघ १८-२०पर्यंत चढली, तर ८ ते १० टक्के आहे. थोडं इथेनॉल वरच राहत असल्यामुळे आकडा किंचित कमी येतो. रेघ २०च्या बरीच वर गेली, तर ते ई१० नव्हे.

दुसरी, टाकीतलं पेट्रोल ठीक आहे का ते पाहण्याची. नमुना वरून घेऊन उपयोग नाही, तळातून यायला हवा. फिल्टरचा ड्रेन उघडून किंवा लांब नळीचा हातपंप तळाला टेकवून स्वच्छ काचेच्या बाटलीत अर्धा लिटर काढायचं आणि उजेडासमोर धरायचं. चांगलं पेट्रोल लखलखीत पारदर्शक असतं, बाटलीमागचा छापील कागद वाचता येतो. धुरकट दिसलं तर ते फाटण्याच्या उंबरठ्यावर आहे. बाटली सावलीत, गार जागी रात्रभर ठेवायची. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला, तर अ‍ॅडिटिव्हचा प्रश्न तिथेच संपला. पुढे सांगितल्याप्रमाणे टाकी रिकामी करायची. टाकीच्या काठीला लावायची पाणी ओळखण्याची साधी पेस्ट इथे फसवू शकते. तळाचा थर निव्वळ पाण्याचा नसल्याने तिचा रंग नीट बदलत नाही. इथेनॉलमिश्रित इंधनासाठी बनवलेलीच पेस्ट वापरावी.

मात्रेचं गणित

बऱ्याच लेबलांवर मात्रा औंस आणि गॅलनमध्ये असते आणि तिथेच चुका होतात. एक अमेरिकी द्रव औंस म्हणजे २९.६ मिलिलिटर आणि एक अमेरिकी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर. त्यावरून:

१० गॅलनला १ औंस म्हणजे लिटरमागे ०.७८ मिलिलिटर.
५ गॅलनला १ औंस म्हणजे लिटरमागे १.५६ मिलिलिटर.
२.५ गॅलनला १ औंस म्हणजे लिटरमागे ३.१ मिलिलिटर.
१ गॅलनला १ औंस म्हणजे लिटरमागे ७.८ मिलिलिटर.

स्टॅबिलायझरची रोजची मात्रा आणि साठवणीची मात्रा बहुधा वेगळी असते; साठवणीची पुष्कळदा दुप्पट. समजा टाकी १२० लिटरची आहे, रोजची मात्रा ०.७८ आणि साठवणीची १.५६ आहे. टाकीत ३० लिटर ताजं पण औषध न घातलेलं पेट्रोल आहे आणि वर ९० लिटर भरायचं आहे. पहिल्या वेळी हिशेब पूर्ण १२० लिटरचा: ९४ मिलिलिटर. पुढच्या वेळी ६० लिटर भरलं, तर फक्त त्या ६० लिटरचा: ४७ मिलिलिटर. मुक्कामाच्या, म्हणजे बोट महिनोन्‌महिने न वापरता ठेवायच्या, वेळी टाकीत ११४ लिटर आहे आणि सगळ्याला रोजची मात्रा मिळालेली आहे, तर साठवणीसाठी लागणारे एकूण १७८ मिलिलिटर, त्यातले ८९ आधीच पडलेले, म्हणून आणखी ८९ घालायचे.

मोजायला सुई नसलेली ६० मिलिलिटरची सिरिंज सगळ्यात सोयीची. झाकणाने अंदाज घेऊ नये. थोडी जास्त मात्रा पडली तर स्टॅबिलायझरने सहसा बिघडत नाही, पण दोन-तीन पट घालण्याची सवय लागली तर प्लग काळे पडतात. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहून ठेवावी आणि लेबलवरच्या मुदतीनंतर ती टाकून द्यावी.

भरण्याची रीत

आधी औषध, मग पेट्रोल. टाकीत किंवा कॅनमध्ये मोजलेलं अ‍ॅडिटिव्ह प्रथम ओतायचं आणि त्यावर पेट्रोल सोडायचं. पडणाऱ्या धारेने ते आपोआप मिसळतं. भरलेल्या टाकीत वरून ओतलेलं औषध बराच काळ भराव-नळीच्या खाली साचून राहू शकतं. तसंच करावं लागलं, तर भरून झाल्यावर बोट थोडी चालवून आणावी. उचलून नेता येणारी टाकी भरताना ती बोटीतून काढून जमिनीवर ठेवावी, पंपाच्या नळीचं टोक टाकीच्या तोंडाला टेकलेलं ठेवावं. स्थिर विजेची ठिणगी त्यामुळे टळते. इनबोर्ड, म्हणजे बोटीच्या आत बसवलेलं, इंजिन असेल तर भरून झाल्यावर इंजिनकक्षाचा ब्लोअर निदान चार मिनिटं चालवून, नाकाने वास घेऊन मगच चावी फिरवायची.

दुसरी चूक होते ती औषध घातल्यानंतर. ‘दहा मिनिटं इंजिन चालवा’ असं सगळीकडे सांगितलेलं असतं. दहा मिनिटं पुरतात का, हे आपल्या बोटीवर मोजून पाहावं. १० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या होजमध्ये मीटरला ७८ मिलिलिटर पेट्रोल मावतं. होज तीन मीटर असेल तर २३५ मिलिलिटर. फिल्टरच्या डब्यात धरू अर्धा लिटर. म्हणजे औषध नसलेलं पाऊण लिटर जुनं पेट्रोल इंजिनाच्या वाटेत आहे. मोकळं चालताना इंजिन तासाला दोन लिटर पीत असेल, तर एवढं संपायलाच वीस मिनिटांहून जास्त लागतात. दहाव्या मिनिटाला इंजिन बंद केलं, तर टाकीतलं पेट्रोल सुरक्षित राहतं आणि कार्बोरेटरच्या वाटीत, जिथे औषधाची सगळ्यात जास्त गरज, तिथे जुनंच उरतं. म्हणून बोट पाण्यात असताना मध्यम वेगाने दहा-पंधरा मिनिटं चालवावी, किंवा जमिनीवर पाण्याची नळी जोडून अर्धा तास. पाण्याशिवाय आउटबोर्ड क्षणभरही चालवू नये, थंड पाणी फिरवणारा इम्पेलर जळतो.

फिल्टर

पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर टाकी आणि इंजिन यांच्यामध्ये हवाच. तो मोकळं पाणी आणि कचरा अडवतो, विरघळलेलं पाणी नाही. टाकी फाटली तर त्याचा डबा काही मिनिटांत भरतो आणि मग तोही पाणी पुढे सोडतो. आउटबोर्डवर पारदर्शक वाटीचा घ्यावा, आत काय जमलंय ते दिसतं. इनबोर्डच्या बंद कक्षात प्लॅस्टिकची वाटी आगीत वितळते, तिथे धातूचीच.

दर १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदलायचा. जुनी टाकी पहिल्यांदाच इथेनॉलमिश्रित पेट्रोलवर नेली असेल, तर पहिल्या दोन-तीन टाक्यांपर्यंत प्रत्येक वेळी. इथेनॉल वर्षानुवर्षं भिंतींना चिकटलेलं रोगण सोडवतं आणि ते सगळं फिल्टरवर येतं. जुना फिल्टर काढल्यावर फेकायची घाई करू नये. आतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून पाहावं: तळाशी तपकिरी भुगा असेल तर टाकी, काळे रबरी कण असतील तर होज, वेगळा थर असेल तर पाणी. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला ऑइलचं बोट फिरवायचं, हाताने आवळायचा, बल्ब कडक होईपर्यंत दाबायचा आणि सांध्याभोवती कोरडं बोट फिरवून गळती पाहायची. बदलतानाच आत औषध घातलेलं ताजं पेट्रोल भरलं, तर वर सांगितलेला अर्धा लिटरचा उशीरही वाचतो.

दोन-स्ट्रोकसाठी वेगळी काळजी

पेट्रोलातच ऑइल मिसळणाऱ्या दोन-स्ट्रोक इंजिनाला फाटलेलं पेट्रोल सगळ्यात महाग पडतं. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर टीसी-डब्ल्यू३ (बोटीच्या दोन-स्ट्रोक इंजिनासाठीच्या दर्जाचं) ऑइल. पेट्रोल फाटलं की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं आणि तळाच्या इथेनॉल-पाण्याच्या थरात जवळजवळ नसतं. इंजिन ओढतं तो थर तळाचा. वंगण नाही, मिश्रण हवादार, आणि क्रँकच्या बेअरिंगला पाणी. पिस्टन जॅम व्हायला फार वेळ लागत नाही. त्यामुळे मिश्रण चार आठवड्यांत संपेल एवढंच बनवावं. अ‍ॅडिटिव्ह ऑइलच्या जागी धरू नये. २० मिलिलिटर ऑइल पूर्ण पडलं पाहिजे, औषध त्याउपर.

लांब मुक्कामाला ठेवताना

बसवलेली मोठी टाकी एकतर ९५ टक्के भरलेली ठेवावी, नाहीतर पूर्ण कोरडी. अर्धी ठेवणं सगळ्यात वाईट, कारण तिच्यात दिवस-रात्र दमट हवा आत-बाहेर करत राहते. काठोकाठही भरू नये. पेट्रोल १० अंशांनी तापलं की जवळपास १ टक्का फुगतं. १२० लिटरच्या टाकीत सव्वा लिटरच्या आसपास, आणि ते व्हेंटमधून पाण्यात जातं. व्हेंट कधीही बोळा घालून बंद करू नये, टाकीवर दाब येतो. उचलता येणारी छोटी टाकी रिकामी करून, सुकवून ठेवलेलीच बरी.

क्रम असा ठेवावा. ताजं पेट्रोल आणि साठवणीची मात्रा टाकीत, नवा फिल्टर, मग इंजिन वर सांगितलं तेवढा वेळ. कार्बोरेटर असेल तर शेवटी वाटीच्या खालचा स्क्रू सोडून तिच्यातलं पेट्रोल पूर्ण काढून घ्यायचं. इंधन तोडून इंजिन बंद पडेपर्यंत चालवणं त्याच्या तोडीचं नाही. इंजिन थांबलं तरी वाटीच्या तळाशी आणि जेटमध्ये थोडं उरतंच, आणि रोगण त्याच थोड्याचं होतं. इंधन इंजेक्शनचं इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवू नये, पंपाचं वंगण पेट्रोलच असतं. त्याच्या व्हेपर सेपरेटरमध्ये (इंधनातली वाफ वेगळी करणाऱ्या छोट्या डब्यात) औषध घातलेलं पेट्रोल राहू द्यायचं. इंजिनाच्या पुस्तिकेत फॉगिंग ऑइल (इंजिनाच्या आत गंज टाळणारा ऑइलचा फवारा) सांगितलं असेल तर ते सगळ्यात शेवटी.

सहा महिन्यांनी पुन्हा सुरू करण्याआधी तळाचा नमुना काढून बाटलीची परीक्षा पुन्हा करायची. बल्ब दाबून पाहायचा: दाबल्यावर चपटाच राहिला तर टाकीकडून अडथळा आहे, बहुधा टाकीवरचा अँटिसायफन व्हॉल्व्ह (नळी तुटल्यास पेट्रोल आपोआप ओघळू न देणारा) चिकटलेला. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठून तरी हवा आत शिरते आहे, किंवा बल्बमधलाच व्हॉल्व्ह गेला आहे. यांतल्या कशावरही बाटली चालत नाही.

पेट्रोल फाटलंच असेल तर

हलवून, ढवळून, औषध घालून, वर नवं पेट्रोल ओतून ते पुन्हा एकजीव होत नाही. इंजिन सुरू करायचं नाही. बॅटरीची जोडणी आणि ठिणगीची इतर साधनं आधीच बंद, मग इंधनासाठीच्या हातपंपाने, उघड्या हवेत, टाकीच्या सगळ्यात खोल कोपऱ्यातून पूर्ण उपसा करायचा. बोट जशी उभी आहे त्यावर सगळ्यात खोल जागा ठरते. नाक थोडं वर केलं तर पाणी मागे जमतं आणि उपसणं सोपं जातं. फक्त तळाचा थर काढून वरचं ठेवायचा मोह होतो, पण त्याचा ऑक्टेन उतरलेला आहे. ते दुसऱ्या इंजिनातही घालू नये. काढलेलं सगळं बंद धातूच्या कॅनमध्ये घालून धोकादायक कचरा स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यायचं.

मग होज रिकामी, फिल्टर नवा, कार्बोरेटरची वाटी किंवा व्हेपर सेपरेटर रिकामा. टाकीत दहा-पंधरा लिटर ताजं पेट्रोल रोजच्या मात्रेसह घालून पुन्हा तळाचा नमुना. तो रात्रभर ठेवून सकाळी स्वच्छ दिसला तरच टाकी भरायची. पहिल्या दोन तासांनी फिल्टरची वाटी पुन्हा उघडून पाहायची, कारण टाकीच्या आतल्या अडथळा-पट्ट्यांमागे अडकलेलं पाणी बोट हलल्यावर बाहेर येतं. आणि त्या आधी, झाकणाची ओ-रिंग बदलायची.